धागा: दृढीकरण झालं म्हणजे पोरगं मोठं झालं का?

रविवारवर्ग:
मागच्या आठवड्यात इथेच 'जुना सभासद' यांनी लिहिलं, "दृढीकरण झालं की आईबापांचं काम संपलं. पुढे मुलं चर्चला येत नसतील तर दोष त्यांचा आणि मोबाइलचा." दोन ओळींत मोकळे झाले. मला तेवढ्यात जमणार नाही.

दृढीकरण म्हणजे लहानपणी बाप्तिस्मा झालेल्या मुलाने मोठेपणी आपला विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी. त्याच्या तयारीचा वर्ग कसा चालतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. पाच-सहा रविवार, उपासनेनंतर पाऊण तास. विश्वासांगीकार, दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, सगळं पाठ. बिशपसाहेब येतात, डोक्यावर हात ठेवतात, पहिलं प्रभुभोजन, फोटो. पुढच्या रविवारी त्या चौदा वर्षांच्या मुलाला चर्चमध्ये काम काय? डिसेंबरात चांदणी टांगायची आणि कॅरलच्या गाडीत बसायचं. बस.

येशू बाराव्या वर्षी मंदिरात गुरुजनांना प्रश्न विचारतो, मग नासरेथला परत जाऊन आईबापांच्या आज्ञेत राहतो, आणि कामाला लागतो सुमारे तिसाव्या वर्षी. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकला ती मधली वर्षं 'वाढण्याची' वाटतात, आपल्याला एक दुपार पुरते.

वर्ग जूनमध्ये सुरू करून नाताळापर्यंत न्या. नववीत घ्या, दहावीत नको. दर महिन्याला एक खरं काम द्या. शास्त्रवाचन द्यायचं तर उतारा शुक्रवारीच हातात हवा. रविवारी सकाळी ऐनवेळी दिला की मूल 'नबुखद्नेस्सर'वर अडखळतं, मागचे बाक हसतात, आणि ते पुन्हा कधी पुढे येत नाही. आजारी सभासदाच्या घरी मोठ्यांसोबत न्या. अठरा पूर्ण झाले की अर्पणाच्या मोजणीला बसवा.

जुना सभासद:
पाच रविवारांत तयार झालेली पिढीच आज तुमचं चर्च चालवते आहे, हे विसरू नका. आणि अर्पणाची थैली पोराटोरांच्या हातात? पाचशे कमी भरले तर खजिनदाराने कुणाची मान धरायची?

जरीपटका:
मूळ चूक आधीची आहे. बाळाला पाणी लावून चौदा वर्षांनी वर्ग कशाला? बाप्तिस्माच समजत्या वयात द्या.

रविवारवर्ग:
जरीपटका, हा वाद आपल्याच नागपुरात मिटवून ठेवलाय. १९७० साली ऑल सेंट्स कॅथेड्रलला सहा मंडळ्या (चर्च-संघटना) एकत्र येऊन सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झालं, तेव्हा बाळाचा आणि समजत्या वयातला, बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धती मान्य झाल्या. तो इथे उकरू नका.

जुना सभासद, कुणाचीही मान धरायची वेळच येऊ नये अशी मोजणी करा. कायम दोघं, आणि दोघं एका घरातले नकोत. खोलीचं दार उघडं. आधी नोटा किमतीप्रमाणे वेगळ्या, मग चिल्लर. पाकिटावरचा आकडा आणि आतली रक्कम जुळवायची. वहीत शाईने लिहायचं. चुकलं तर खोडरबर नाही, एक रेघ आणि बाजूला दोघांच्या सह्या. सोमवारी बँकेत भरून स्लिप वहीला चिकटवायची. घोळ वयाने होत नाही, फुलवाल्याचे दोनशे थैलीतूनच परस्पर दिल्याने होतो. मग एकूण जमा किती, हे कुणालाच कळत नाही.

सेमिनरी हिल्स:
कॅथलिक बाजूने सांगतो. आमच्याकडे टप्पे आहेत. सात पूर्ण झाली की रविवारची मिस्सा (मुख्य उपासना) बंधनकारक. चौदा पूर्ण झाली की शुक्रवारचा मांसत्याग. सोळा पूर्ण आणि दृढीकरण झालेलं असेल तरच धर्मपिता होता येतं. भस्म बुधवार आणि गुड फ्रायडेचा उपवास अठरा पूर्ण झाल्यावर. पाळतात किती, हा प्रश्न वेगळा.

संत्रानगरी:
अन् पैशाचं कोण शिकवन? पोट्टा मिहानमध्ये, विमानतळाजवळच्या त्या कंपन्यांच्या भागात, लागला, पगार २५ हजार, हातात येते २३. दशांश, म्हंजे चर्चले द्यायचा दहावा हिस्सा, कायवर द्यायचा, हे त्या वर्गात काऊन सांगत नाही?

जुना सभासद:
बायबलमध्ये मलाखी ३:१० वाचा. सगळा दशांश. २५००.

काटोल रोड:
हिशेब तर नीट करा. बेसिक १५ हजार धरलं तर पीएफचे १८०० त्याचेच आहेत, पण ते पुढे मिळणार. मिळतील तेव्हा द्यावेत. २०० व्यवसाय कर गेला तो गेलाच. उरले २३ हजार, दशांश २३००. बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायात दशांश हातात आलेल्या पिकावर आहे, आणि दर तिसऱ्या वर्षी तो गावातल्या परदेशी, अनाथ आणि विधवांनाही जातो. ते कुणाला आठवत नाही.

जुना सभासद:
देवाला चुकवायच्या युक्त्या आहेत या.

काटोल रोड:
चर्च आहे, आयकर खातं नव्हे. २ करिंथ ९:७ मध्ये जबरदस्तीने देऊ नये असंही लिहिलंय, तेवढं पानही उलटा.

आणि पोरं गळतात ती मोबाइलमुळे कमी, पुण्याच्या गाडीमुळे जास्त. नोकरी लागली की निघण्याआधीच पाळकांकडून सभासदत्वाच्या बदलीचं पत्र घ्या आणि तिथल्या चर्चला पहिल्याच महिन्यात द्या. पत्र नसलं की पोरगं तिथे कायमचं पाहुणं. इथल्या यादीत मात्र नाव वर्षानुवर्षं, आणि आपण म्हणतो सभासद वाढले.

संत्रानगरी:
पत्र मागाले गेलं तर पहिले थकलेली वर्गणी भरा म्हणते! पोट्टा मंग पत्राशिवायच जाते.

जुना सभासद:
वर्गणी थकवून पत्र मागायचं, वा! बरं. उतारा शुक्रवारी द्या, त्याला कुणाची ना नाही. मोजणीला अठरा पूर्ण झालेला एक बसू दे, पण दुसरी सही कमिटीतल्याची. आणि मोजताना मोबाइल खोलीबाहेर.

रविवारवर्ग:
दोघांचाही.

जुना सभासद:
दोघांचाही. खूश?

संत्रानगरी:
ते झालं. पोट्ट्यानं २३०० द्यायचे का २५००?