मदत हवी आहे: पेनसिल्व्हेनियाचा पिस्तुलाचा परवाना न्यू जर्सीत चालतो का?

आम्ही हॅरिसबर्गजवळ राहतो. नवऱ्याचं दुकान आहे, रात्री गल्ला घेऊन एकट्याने घरी यावं लागतं, म्हणून त्याने काउंटी शेरीफकडून पिस्तूल जवळ बाळगायचा परवाना रीतसर काढलाय. गणपतीला दिरांकडे एडिसनला जाणार आहोत, गौरी जेवेपर्यंत मुक्काम. तिथून पुढे न्यू हॅम्पशायरला. तो म्हणतो, ड्रायव्हिंग लायसन्स सगळीकडे चालतं तसं हेही चालेल, ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवू. मला धास्ती वाटतेय. दोघंही ग्रीन कार्डवर आहोत. नक्की माहिती असणाऱ्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, पिस्तूल घरीच राहू द्या. कुणाचा परवाना मानायचा हे ज्याचं त्याचं राज्य ठरवतं. सगळ्यांना बांधणारं विधेयक 2017 मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झालं, पण सेनेटमध्ये अडकलं. तुमच्या पश्चिमेला ओहायोत परवान्याशिवायही चालतं, पूर्वेला न्यू जर्सी मात्र दुसऱ्या कुठल्याच राज्याचा परवाना मानत नाही. शिक्षा 5 ते 10 वर्षांची. फिलाडेल्फियाच्या एका आईला 2013 मध्ये तिथे अटक झाली. पेनसिल्व्हेनियाचा परवाना होता, पिस्तूल असल्याचं तिने स्वतःहून पोलिसाला सांगितलं होतं, तरीही. गव्हर्नरकडून माफी मिळायला 2015 उजाडलं.

न्यू हॅम्पशायरला परवाना लागत नाही, हे खरं. 1986 च्या संघीय कायद्याने मधल्या राज्यांतून शस्त्र नेताही येतं, पण गोळ्या काढून, डिकीत, हाताला लागणार नाही असं. ग्लव्ह बॉक्स त्यात बसत नाही. आणि ही सवलत नुसतं पार होणाऱ्याला आहे. 2005 मध्ये यूटाचा एक प्रवासी विमान चुकल्यामुळे न्यूअर्कला हॉटेलात राहिला, बॅग त्याच्या ताब्यात आली, दुसऱ्या दिवशी विमानतळावर अटक. पुढे अपील कोर्टानेही त्याला या कायद्याचं संरक्षण नाकारलं. तुम्ही तर सणाला राहणार आहात.

मला सगळ्यात जास्त काळजी ग्रीन कार्डची वाटते. शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलं की देशाबाहेर काढण्याची कारवाई होऊ शकते. नवऱ्याला हे आजच सांगा.

धागाकर्ती

मनापासून आभार. सांगितलं, त्यालाही पटलं. आता एकच: घर राखायला पुतण्या येतोय, तो एच-वन-बीवर आहे. पिस्तूल कपाटात असलं तर चालेल?

प्रतिसाद

कपाटात नको. शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडले, तर एच-वन-बीवाल्यांना शस्त्र बाळगायला संघीय कायद्याने बंदी आहे. तिजोरीत कुलूपबंद ठेवा, किल्ली सोबत न्या, त्याला आकडाही सांगू नका.