भिंतच नाही तर भित्तिचित्र कसं? (चौकातल्या चित्रांना काय म्हणायचं)

शब्दवेल्हाळ:
एका पुस्तिकेचा अनुवाद करतेय. विषय असा की रहिवाशांनी एकत्र येऊन आपल्या चौकात, थेट डांबरावर मोठं चित्र रंगवायचं, कधी झेब्रा क्रॉसिंगच रंगीत करायचं, मग त्यासाठी परवानगी कशी काढायची, रंग कुठला घ्यायचा, रस्ता किती वेळ बंद ठेवायचा वगैरे. मुळात सगळीकडे 'स्ट्रीट म्यूरल' आहे. मी 'रस्त्यावरचं भित्तिचित्र' लिहिलं तर तपासणाऱ्यांचा शेरा आला, 'भिंत कुठे आहे?' मला तो शेरा पटत नाहीये. म्यूरलमध्येही लॅटिनची भिंतच आहे, तरी त्यांनी तो शब्द रस्त्यावर आडवा केलाच ना? दुसरी अडचण जास्त मोठी. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या लोकांनी शेरेट नावाच्या रस्त्यावरचा चौक परवानगीशिवाय रंगवला, रस्त्याच्या नावावरूनच त्याला 'शेअर-इट स्क्वेअर' म्हणायला लागले, पालिका आधी नाराज होती पण पुढे तिने अशा कामासाठी नियमच करून दिला. या प्रकाराला ते 'इंटरसेक्शन रिपेअर' म्हणतात. आता 'चौक दुरुस्ती' लिहिलं की वाचणाऱ्याला खडी आणि रोलर दिसणार. काय करू?

तळटीप:
शेरा योग्यच आहे. भित्ति म्हणजे भिंत, आणि हा शब्द मराठी वाचकाला अजून आरपार दिसतो, इंग्रजी वाचकाला म्यूरलमधली भिंत दिसत नाही म्हणून त्यांचं चालून जातं. तुम्ही सरळ 'मार्गचित्र' किंवा 'पथचित्र' करा. शब्द घडवायचाच तर नीट घडवावा.

पाटीपेन्सिल:
आरपार दिसतो म्हणून अडतं असं काही नाही हो. शाई हा फारसी 'स्याह' म्हणजे काळा यावरून आलेला शब्द, तरी आपण लाल शाई म्हणतो, निळी शाई म्हणतो. तेल तर तिळाचं, आणि शेंगदाण्याचं तेल म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही. वापरून वापरून भिंत आपोआप गळून पडेल. आणि 'पथचित्र' ऐकल्यावर मला नकाशा वाटतो, खरंच.

तळटीप:
तेलाला शेकडो वर्षं मिळाली. इथे पुस्तिका आज छापायची आहे आणि ती ज्यांच्या हातात जाणार त्यांना आज कळली पाहिजे. आज 'भित्तिचित्र' वाचून माणूस भिंतच शोधणार.

अनुस्वार:
'रांगोळी' का नको? जमिनीवर काढतात, सगळे मिळून काढतात, शब्द लहान मुलालाही माहीत.

शब्दवेल्हाळ:
विचार केला होता, पण रांगोळी पुसली जाणार हे त्या शब्दातच आहे. ही चित्रं गाड्यांच्या चाकाखाली टिकायला हवीत. झिजतात तीही, पोर्टलंडला लोक पुन्हापुन्हा जमून रंगवतात, पण टिकवायचा इरादा असतो.

रंगारी:
मी रस्त्यावर पट्टे मारण्याचं काम केलंय म्हणून सांगतो. आमच्यात कुणी पथचित्र बिथचित्र म्हणणार नाही, आम्ही म्हणू 'चौक रंगवला'. आधी धूळ झाडायची, अगदी कोपऱ्याकोपऱ्यातली, नाहीतर रंग पापुद्र्यासारखा उठतो, मग सुतळी ताणून खडूनं आखणी, मग पहिला हात, तो वाळला की दुसरा. आणि रंगात बारीक वाळू जायलाच पाहिजे, नुसता गुळगुळीत रंग मारला तर ओल्यात दुचाकीवाला आडवा होतो, हे तुमच्या पुस्तिकेत नसेल तर घालायला सांगा. वाचणाऱ्याला शब्दापेक्षा हे जास्त लागणार आहे.

शब्दवेल्हाळ:
वाळूचं आहे, पण 'आखणी' आणि 'पहिला हात' हे शब्द मी उचलतेय. माझ्याकडे 'प्राथमिक लेपन' झालं होतं, ते आत्ताच खोडलं.

मोडीवाचक:
दुसऱ्या प्रश्नाकडे कुणीच बघत नाहीये. चौक हा शब्द संस्कृत चतुष्कावरून, चार बाजूंची जागा, म्हणून वाड्याचाही चौक आणि रस्त्याचाही. पण 'चौक भरणे' म्हणतो तेव्हा चौक म्हणजे जमिनीवर धान्यानं किंवा रांगोळीनं मांडलेली आकृती. म्हणजे जागा आणि आकृती दोन्ही एकाच शब्दात आधीच बसलेली आहेत! 'इंटरसेक्शन रिपेअर'ला 'चौक भरणे' यापेक्षा चांगलं काय मिळणार? एवढी सोय इंग्रजीत नाही. मला तर वाटतं हा अर्थ पुन्हा वापरात आणायची याहून चांगली संधी नाही.

पाटीपेन्सिल:
सुंदर आहे, मनापासून आवडलं, पण 'चौक भरला' वाचून दहातले नऊ जण गर्दी झाली असंच समजतील. उरलेला एक खड्डे भरले म्हणेल.

तळटीप:
शिवाय सगळे चौक चार रस्त्यांचे नसतात. तीन रस्ते मिळतात तो तिठा. तिठ्याला चौक म्हणणं मला जमणार नाही.

मोडीवाचक:
तिठ्यालाही सर्रास चौक म्हणतात, आत्ताच तर शेंगदाण्याच्या तेलावर चर्चा झाली.

अनुस्वार:
'चव्हाटा' हा तर चार वाटांचा अस्सल मराठी शब्द, पण आपण त्याचा पार निकाल लावला, आता चव्हाट्यावर फक्त भांडणं येतात. वाईट वाटतं.

पाटीपेन्सिल:
हल्ली याला 'अस्फाल्ट आर्ट' पण म्हणतात. २०२२ मध्ये ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीज या देणगी देणाऱ्या संस्थेच्या अभ्यासात अमेरिकेतली १७ ठिकाणं चित्रं रंगवण्याआधी आणि नंतर तपासली, तर पायी आणि सायकलनं जाणाऱ्यांचे अपघात निम्म्यावर आलेले दिसले. त्याला 'डांबरकला' चालेल?

तळटीप:
नको. 'डांबरट' आठवतो लगेच. इतक्या चांगल्या कामाला तो वास कशाला.

अनुस्वार:
अपघात कमी झाले हे छानच, पण ज्यांना अंधुक दिसतं त्यांना पांढरे पट्टे ओळखीचे असतात, त्यावर भलतीच नक्षी आली की रस्ता ओलांडायचा कुठे हे कळत नाही. म्हणून तरी 'झेब्रा' हा शब्द नुसत्या रंगीत पट्ट्यांना वापरू नये असं माझं मत आहे. झेब्रा म्हणजे काळा-पांढरा.

पाटीपेन्सिल:
अंधुक दिसणाऱ्यांचा मुद्दा पटला, शब्दाचा नाही. १९४९ ला ब्रिटनमध्ये प्रयोग सुरू झाले तेव्हा निळे-पिवळे पट्टेसुद्धा करून पाहिले होते, काळा-पांढरा १९५१ ला पक्का झाला. रंग आधीपासूनच आहेत.

शब्दवेल्हाळ:
झेब्रा राहू दे, माझं अजून एक प्रकरण अडलंय. पुस्तिकेत शेवटी चित्र हटवण्याबद्दल आहे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या ऑरलँडोला पल्स या समलिंगी लोकांच्या क्लबमध्ये २०१६ च्या गोळीबारात ४९ माणसं गेली, त्यांच्या आठवणीसाठी तिथलं क्रॉसिंग इंद्रधनुष्याच्या रंगात रंगवलं होतं. ते २०२५ च्या ऑगस्टमध्ये राज्याच्या वाहतूक खात्यानं रात्रीतून घालवलं. मी लिहिलं 'राज्याच्या खात्याने हे चित्र काढले'. आता वाचून बघा, काढलं म्हणजे रंगवलं की घालवलं?

मोडीवाचक:
अहो हा 'काढणे' म्हणजे मोठाच विषय आहे. चित्र काढतो म्हणजे नसलेलं आणतो, डाग काढतो म्हणजे असलेलं घालवतो. माझ्या मते मूळ अर्थ ओढून बाहेर आणणे. चित्रकार चित्र आतून बाहेर ओढतो, धुणारा डाग कापडातून बाहेर ओढतो. फोटो काढणं, आवाज काढणं, दिवस काढणं, सगळं त्यातच बसतं.

तळटीप:
'दिवस काढणं' त्यात कसं बसतं ते सांगा. ओढाताण होतेय.

मोडीवाचक:
दिवस ओढतच न्यावे लागतात म्हणून.

पाटीपेन्सिल:
ते काहीही असो, इथे 'पुसले' लिहा.

शब्दवेल्हाळ:
पुसलं नाही ना पण, वरून रंग दिला. वॉशिंग्टनला व्हाइट हाउसजवळ २०२० मध्ये 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर' (कृष्णवर्णीयांच्या जिवालाही मोल आहे) ही चळवळीची घोषणा रस्ताभर पिवळ्या अक्षरांत लिहिली होती, ते २०२५ च्या मार्चमध्ये यंत्रानं फोडून टाकलं, तिथे 'उखडले' ठीक आहे. ऑरलँडोला काय लिहू?

अनुस्वार:
वॉशिंग्टनचं तर चित्रही नाही, नुसती अक्षरं आहेत. त्यालाही म्यूरल म्हणतात? मग पथचित्र आणि मार्गचित्र दोन्ही बाद.

पाटीपेन्सिल:
ऑरलँडोला 'काळं फासलं'. जे झालं ते तसंच झालं.

तळटीप:
'काळं फासलं' म्हणजे तुम्ही बाजू घेतली. अनुवादकानं मुळात नसलेला राग घालू नये.

पाटीपेन्सिल:
४९ माणसांच्या आठवणीवर रात्री येऊन रंग फिरवतात आणि आपण 'हटवले' लिहायचं, तीही बाजूच आहे. मग निदान 'बोळा फिरवला' तरी लिहा.

रंगारी:
बोळ्यानं पुसलं जातं, पाटी कोरी होते. इथे खालचा रंग तसाच आहे, वर नवा हात बसलाय. आम्ही त्याला 'वरून हात मारला' म्हणतो, आणि चाकं फिरून वरचा रंग झिजला की खालचा दिसायला लागतो.