मदत हवी आहे: लोअर परळला चाळीस मजले चढवले, पण गच्ची पुरत नाहीये

नमस्कार मंडळी,

आर्किटेक्चरच्या पाचव्या वर्षाला आहे. थीसिससाठी लोअर परळमधली एका बंद गिरणीची जागा घेतली आहे. जागा खरी, इमारत कागदावरची. खाली चार मजले दुकानं, त्यावर दहा मजले ऑफिसं, मग एक सर्व्हिस मजला (टाक्या-यंत्रांचा) आणि वर २६ मजले घरं. उंची साधारण १५० मीटर, एका मजल्याचं क्षेत्रफळ १२०० चौरस मीटर. घरं २०८, घरटी चार माणसं धरली तर ८३२ रहिवासी. ऑफिसात बाराशे माणसं.

मागच्या ज्युरीला झोकात रेंडर (इमारतीची संगणकावरची चित्रं) घेऊन गेले होते. गच्चीवर पवनचक्क्या, बाल्कन्यांतून झाडं, सोलर पॅनेलं. एका परीक्षकांनी सगळं पाहून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "पावसाचं पाणी साठवणार म्हणतेस. किती दिवस पुरेल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन गणित मांडलं, तर अजूनच घाबरले.

मुंबईचा वर्षाचा पाऊस २२०० मिमी धरला. १२०० चौरस मीटर गच्चीवर २६ लाख लिटर पडतं. पहिल्या सरींचं सोडून दिलेलं आणि वाया गेलेलं वजा केलं की हाती २१ लाख. माणशी रोज १३५ लिटरच्या नेहमीच्या हिशेबाने रहिवाशांनाच दिवसाला १ लाख १२ हजार लिटर लागतं. म्हणजे अख्ख्या वर्षाचा पाऊस जेमतेम १९ दिवस! ऑफिसं तर यात धरलेलीच नाहीत.

विजेचंही तसंच. टाक्या, लिफ्टच्या खोल्या वगैरे जाऊन निम्मी गच्ची उरते. तिथे ६० किलोवॉटची पॅनेलं बसतील, रोजचे साधारण २४० युनिट. घरटी महिन्याला ३०० युनिट धरले तर नुसत्या घरांच्या गरजेचा आठवा भागसुद्धा भरत नाही. माणसं मजल्यागणिक वाढतात, गच्ची आहे तेवढीच राहते.

मग आता करू काय? पाण्याचं कुठून सुरू करावं? दुसरं म्हणजे दिशा: समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो आणि दुपारचं जाळणारं ऊनही तिकडूनच. घरं वाऱ्याकडे उघडू की उन्हाकडे पाठ करू? झाडांवर माझा फार जीव आहे, तेवढी कृपया एकदम उडवून लावू नका.

प्रतिसाद: नळजोडणी

गणित बरोबर मांडलं आहेस, घाबरू नकोस. पण तू आकाशाकडे बघत बसलीस. तुझ्या इमारतीत पाण्याचा दुसरा उगम आहे, तो म्हणजे २६ मजल्यांवरची न्हाणीघरं.

अंघोळ आणि बेसिनचं माणशी ५० लिटर धर. रोज ४१ हजार लिटर झालं, बारा महिने, पाऊस असो नसो. ऑफिसात माणशी ४५ लिटर धरतात, त्यातले २० फ्लशला जातात. बाराशे माणसांचे २४ हजार. आता तुझा सेक्शन (इमारतीचा उभा छेद) पुन्हा बघ. घरं वर, ऑफिसं खाली आणि मधे सर्व्हिस मजला. वरचं अंघोळीचं पाणी त्या मजल्यावर शुद्ध केलंस की ऑफिसच्या फ्लशला ते आपसूक उतरेल, पंप लागणारच नाही. सगळं तळघरात नेऊन पुन्हा वर चढवायचं म्हटलं तर १००० लिटर १०० मीटर चढवायला जवळजवळ अर्धा युनिट जातो. नुसत्या घरांच्या टॉवरमध्ये ही सोय नाही आणि नुसत्या ऑफिसच्याही नाही. तुझ्या इमारतीत दोन्ही आहेत, त्याचा फायदा घे.

अट एकच, स्वयंपाकघराचं पाणी यात येऊ द्यायचं नाही. तेलकट पाण्याने सगळा खेळ बिघडतो. न्हाणीचा आणि संडासाचा पाइप वेगळा ठेव. मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या मागच्या भिंतीवर असे दोन पाइप अजून दिसतात, जाऊन बघ. आणि पाणी एका दिवसापेक्षा जास्त साठवू नकोस, वास मारतं.

जाता जाता: विजेचे पॅनेल आणि पंप तळघरात दाखवू नकोस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला होता आणि परळचा भाग सखल आहे.

प्रतिसाद: झरोका

दिशेचा हा पेच जुनाच आहे. चार्ल्स कोरियांच्या कंबाला हिलवरच्या कांचनजंगा इमारतीचा अभ्यास केलास का? १९८३ ची. वारा आणि समुद्र पश्चिमेला, ऊन आणि पावसाचा मारासुद्धा तिकडूनच. त्यांनी जुन्या बंगल्यांचा व्हरांडा उचलून उंचावर नेला: कोपऱ्यात खोल, दुमजली गच्च्या. ऊन-पाऊस गच्चीवर थांबतो, वारा आत येतो.

तुझ्यासाठी म्हणशील तर इमारतीच्या लांब बाजूंची तोंडं उत्तरेला आणि दक्षिणेला ठेव आणि थोडी तिरकी फिरव. वारा तिरका आला तरी घरात शिरतो. दक्षिणेचं ऊन आडव्या छज्जाने अडतं. पश्चिमेचं खाली उतरलेलं ऊन नाही अडत. म्हणून लिफ्ट-जिने पूर्व-पश्चिम टोकांना ढकल. केन यांग यांनी मलेशियातल्या मेनारा मेसिनियागा (१९९२) इमारतीत लिफ्ट-जिन्यांचा गाभा पूर्वेकडच्या तापत्या बाजूला ठेवला तो याचसाठी. आणि पूर्ण काचेची भिंत काढून टाक. आधी काचेतून ऊन आत घ्यायचं, मग एसीने बाहेर काढायचं, हा उद्योग मुंबईत तरी नको.

प्रतिसाद: माजी सेक्रेटरी

झाडांबद्दल. मिलानच्या बोस्को व्हर्टिकाले या बाल्कन्यांत झाडं असलेल्या टॉवरांत झाडांची निगा राखायला दोरांवरून उतरणारे माळी आहेत. आमच्या सोसायटीत टाकी धुवायच्या वर्गणीवरून दोन सभा मोडल्या, तिथे दोरावरचा माळी कोण मंजूर करणार?

वजनही बघ. ओली माती घनमीटरला १८०० किलोच्या आसपास. घराचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरून करतात. मीटरभर खोल मातीचा वाफा म्हणजे नऊपट. झाडं पोडियमवर (खालच्या दुकानांच्या मजल्यांच्या छतावर) लाव, मोठी लाव. वर वेली आणि कुंड्या. आणि रेफ्यूज मजल्यांवर बाग दाखवलीस का? राष्ट्रीय इमारत संहितेत उंच इमारतींना ते ठरावीक उंचीवर सांगितले आहेत. ती जागा आगीच्या वेळी माणसांनी उभं राहायची आहे, तिथे वाफे नकोत.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार. पवनचक्क्या काढल्या (रेंडर ओकंबोकं दिसतंय, पण असो). काचेच्या जागी छज्जे आले. झाडं पोडियमवर उतरवली, थोडं रडून.

पाण्याचं पुन्हा मांडलं: ऑफिसं धरून रोजची गरज १ लाख ६६ हजार लिटर. अंघोळीच्या पाण्यातून ऑफिसचा फ्लश आणि उरलेलं थोडं वर चढवून सर्व्हिस मजल्यालगतच्या घरांच्या फ्लशला, असं ४० हजारांच्या आसपास वाचतं, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा. पण एक अडलंय. रविवारी ऑफिसं बंद आणि घरी सगळे डोक्यावरून अंघोळ करणार. मधल्या मजल्यावरची टाकी भरून वाहायला लागली की?

प्रतिसाद: नळजोडणी

वाहू दे. ओव्हरफ्लो संडासाच्या पाइपला जोड, मधे ट्रॅप (पाणी अडून राहणारं वळण) दे, म्हणजे वास उलटा येणार नाही. एका रविवारसाठी टाकी दुप्पट करू नकोस, ते वजन आठवडाभर गाभ्याने उचलायचं. त्या दिवशी पोडियमच्या झाडांना भरपूर पाणी सोड. ज्युरीत हा प्रश्न कुणी विचारायच्या आत तूच काढ.