मदत हवी आहे: जिप्सीच्या ट्रान्सफर केसमध्ये ४.१६ चा लो गिअर सेट बसवावा का?

नमस्कार मंडळी,

गाडी २००७ ची जिप्सी किंग, १२९८ सीसी पेट्रोल, सॉफ्ट टॉप. वडिलांनी घेतलेली, आता मी चालवतो. भोर तालुक्यात आमचं शेत आहे, शेतावर दोन खोल्या आहेत. डांबरी रस्ता सोडला की शेवटचे सव्वा किलोमीटर मुरमाची चढण, मध्ये ओढा आणि ओढ्यापलीकडे सुट्या दगडांचा एक वाईट टप्पा. गाडी चढते कशीबशी. खरी अडचण उतरताना येते.

पावसाळ्यात उतरताना फोर-लो (चारही चाकांना जोर देणारी हळू रेंज; हाय-लो बदलणारी वेगळी गिअरपेटी म्हणजे ट्रान्सफर केस), पहिला गिअर, दोन्ही पाय पेडलवरून बाजूला. तरीही उतार वाढला की गाडी ओढ घेते आणि इंजिन ओरडायला लागतं. मग ब्रेकवर पाय जातोच, आणि ओल्या तांबड्या मातीत ब्रेक लागला की चाकं थांबतात, गाडी थांबत नाही. गेल्या श्रावणात आई शेजारी बसलेली असताना मागची बाजू कडेकडे फूटभर सरकली. काही झालं नाही, पण आई त्यानंतर शेतावर आलेली नाही. तिला परत न्यायचं आहे.

चढताना दगडांत वेगळा त्रास. या इंजिनाचा टॉर्क १०३ न्यूटन मीटर, तोही ४५०० फेऱ्यांना. खाली दम नाही. हळू जावं तर बंद पडते, म्हणून हाफ क्लच करत जातो. दोन वर्षांत एक क्लच प्लेट जळाली.

यात टायरचा वाटा आहे हे मान्य. मूळचे २०५/७०-१५ काढून मी २३५/७५-१५ घातले. व्यास ६६८ मिमीचा ७३४ झाला, म्हणजे प्रत्येक गिअर सुमारे १० टक्के लांबला (इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त धावते). काटा ७३ दाखवतो तेव्हा जीपीएसवर ८० असतात. पण डिफरेन्शियलखाली जे तीन सेंटिमीटर मिळाले त्यांच्यामुळेच ओढ्यातले धोंडे आता पोटाला लागत नाहीत. टायर परत लहान करणार नाही.

आता पर्याय. आमच्या मिस्त्रींचं म्हणणं, क्राऊन-पिनियन (डिफरेन्शियलमधले, चाकांकडे जोर नेणारे शेवटचे गिअर) बदल. मला ते पटत नाही. पुढचा आणि मागचा दोन्ही एकाच रेशोचे (गिअरच्या गुणोत्तराचे) लागणार, आणि पाचव्या गिअरपासून सगळंच आखूड होणार. मला महामार्गावर काही नको आहे, फक्त लो हवा आहे.

दुसरा पर्याय जुन्या ४१० ची (आधीच्या जिप्सी मॉडेलची) ट्रान्सफर केस. आपल्या ४१३ मध्ये (म्हणजे जिप्सी किंगमध्ये) हाय १.४०९ आणि लो २.२६८ आहे, ४१० मध्ये १.५८० आणि २.५११. ऐकायला छान वाटतं, जुन्या बाजारात वस्तू मिळूही शकते. पण गणित मांडलं तर हाय १२ टक्क्यांनी आखूड होतो, लो ११ टक्क्यांनी, आणि त्यातले १० टक्के माझ्या टायरनी आधीच खाल्लेत. म्हणजे एवढा खटाटोप करून गाडी कारखान्यातून निघाली होती तिथेच परत येणार. आणि त्या मूळ गिअरवरही ती याच उतारावर ओढ घ्यायची, हे वडिलांच्या वेळेपासून आठवतंय.

म्हणून तिसरा पर्याय, परदेशात सामुराईवाले (सुझुकी सामुराई, जिप्सीचीच तिकडची बहीण) वापरतात तो ४.१६ चा लो गिअर सेट. सपाटीवर फोर-लो पहिल्यात, अ‍ॅक्सिलरेटरला हात न लावता मी घड्याळ लावून मोजलं. वीस मीटरला एकवीस सेकंद लागले, म्हणजे ताशी साडेतीन किलोमीटरच्या आसपास. ४.१६ ने हाच वेग दोनच्याही खाली येतो. माणूस आईचा हात धरून उतरवतो तो हा वेग. ४.८९ चाही सेट असतो, पण माझ्या वाटेला तेवढा लागेल असं वाटत नाही.

काळजी अशी की लोचा रेशो ८३ टक्क्यांनी वाढला तर पुढे जाणारा जोरही तेवढाच वाढणार. जिप्सीची ट्रान्सफर गिअरबॉक्सला जोडलेली नाही, ती वेगळी, तीन रबरी फाउंडेशनवर (माउंटवर) टांगलेली आहे. हा जोर ती रबरं किती दिवस सोसतील? ज्यांनी सेट बसवलाय त्यांनी जास्तीचा ब्रेस (आधार) लावला का? पुढच्या अ‍ॅक्सलचे जॉइंट टिकले का? ट्रान्सफरचं हाउसिंग (बाहेरचं कवच) आतून घासावं लागलं का, आणि ते काम पुणे-साताऱ्याकडे नीट हाताने कोण करतं? रोज डांबरावर चालवणाऱ्यांनी हाय रेंजबद्दलही सांगा, गाडी महामार्गावर ८० ला कशी वाटते.

जाणकारांनी वेळ काढून लिहावं, ही विनंती.

भर, रविवार रात्री:

सगळ्यांचे मनापासून आभार. "आधी खाली झोप आणि फाउंडेशन बघ" असं तिघांनी लिहिलं होतं, म्हणून आज झोपलो. तीनपैकी एक रबर आरपार फाटलेलं, दुसऱ्याला भेगा. पहारीने नुसतं उचकलं तर ट्रान्सफर बोटभर हलत होती. तिन्ही नवीन टाकली. लोमध्ये क्लच सोडताना जो खट्ट आवाज यायचा तो गेला. तो मी जॉइंटचा समजत होतो.

टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवून वाट करून आलो. पकड नक्की सुधारली, परवा पडलेल्या सरीनंतरही मागची बाजू हलली नाही. ज्यांनी सुचवलं त्यांना आईकडून आशीर्वाद. पण वेग तोच, इंजिन त्याच ठिकाणी ओरडतं आणि ब्रेकवर पाय जातो. तेव्हा सेट घ्यायचा हे माझ्यापुरतं ठरलं.

आता एकच अडलंय. ट्रान्सफर उघडणारच आहे तर बेअरिंगं आणि ऑइल सील सगळी बदलायची हे कळलं. गाडीने १,४०,००० किलोमीटर केलेत, तर मधला काउंटर शाफ्टही (गिअर ज्यावर बसतात तो दांडा) बदलावा, की खोबणी पडली नसेल तर तोच चालतो? ज्यांनी स्वतः उघडून पाहिलंय त्यांनी कृपया सांगा. आणि पुणे, सातारा, कोल्हापूर यांपैकी कुठेही कुणाच्या जिप्सीत हा सेट बसलेला असेल तर मी येऊन बघेन, एकदा उतारावरून शेजारी बसवून नेलंत तरी पुरे.