नाव ठेवायचं होतं, जागा सोडायची होती. होस्टिंगवाल्यांनी उलटं केलं

दिवाभीत:
परवा सकाळी कार्डावरून होस्टिंगचे (साइट ठेवायच्या सर्व्हरवरच्या जागेचे) पैसे कापल्याचा मेसेज आला. पहिल्या वर्षीच्या जवळपास तिप्पट, वर एसएसएलचे (साइटच्या सुरक्षा सर्टिफिकेटचे) वेगळे. वेबसाइट मी चार महिन्यांपूर्वीच गुंडाळली होती. डोमेन (साइटचं नाव) ठेवायचं, होस्टिंग सोडायचं, म्हणून ऑटो-रिन्यू (आपोआप नूतनीकरण) बंद केलं. ते बटण निघालं डोमेनचं! होस्टिंगचं म्हणे 'बिलिंग'मध्ये, तिसऱ्या पानावर. सपोर्टला तक्रारीचं तिकीट टाकलं तर पहिलं उत्तर: 'कॅशे क्लिअर करून पाहा.' बिलाच्या तक्रारीवर! घेताना एक क्लिक पुरतो, मग सोडतानाच ही शोधाशोध का?

खटाटोप:
चूक तुमचीच आहे, राग मानू नका. रिन्यूअलचा दर चेकआउटला लिहिलेला असतो, बारीक अक्षरात का होईना. मी तीन वर्षं सपोर्टला होतो. 'साइट चालत नाही', बस, एवढंच तिकीट. कुठली साइट तेही नाही. मग माणूस ठरलेलं उत्तर चिकटवतो. आणि ऑटो-रिन्यू चालू असतं तेच बरं. .कॉम डोमेन हातचं गेलं की रिडेम्प्शनचे, म्हणजे नाव सोडवून घ्यायचे 30 दिवस, तेव्हा जबर दंड, नंतर 5 दिवसांत नाव कुणालाही खुलं. तेव्हा रडत येणारे मी ढिगाने पाहिलेत.

नेटका:
डोमेनची भीती होस्टिंगला कशाला चिकटवता? नाव गेलं की गेलंच, पण होस्टिंग संपलं तर बॅकअप दुसरीकडे चढवता येतो (घेतला असेल तर). आणि एसएसएलचे पैसे कसले? लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा 2015 पासून फुकट सर्टिफिकेट देतेय. '99.9% अपटाइम' (साइट चालू राहण्याची हमी) म्हणजे महिन्याला साधारण 43 मिनिटं बंद. आमची साइट सहा तास झोपली होती. भरपाई आपण मागितली तरच, तीही पुढच्या बिलात वळती. मागितली नसती तर कुणी विचारलंही नसतं.

खटाटोप:
एसएसएलचं मान्य, ती लूटच आहे. पण स्वस्तातलं पॅकेज घ्यायचं आणि रात्री दोनला जाणकार माणूस हवा, हे कसं जमायचं? दिवाभीत, एक सांगतो: बँकेत चार्जबॅक (कापलेले पैसे परत मागायचा अर्ज) टाकू नका. खातं गोठवतील, डोमेन त्याच खात्यात आहे ना? आधी डोमेन अनलॉक करा, ऑथ कोड (डोमेन दुसऱ्या कंपनीकडे हलवायचा कोड) मागा. मागितल्यावर 5 दिवसांत द्यावाच लागतो, आयकॅनचा (डोमेन नावांचा कारभार पाहणाऱ्या जागतिक संस्थेचा) नियम आहे.

दिवाभीत:
कोड मिळाला, डोमेन हलवायला टाकलं. यासाठी आभार, बाकी तुमचं पटलेलं नाही. '30 दिवसांत पैसे परत' फक्त पहिल्या खरेदीला, रिन्यूअलला नाही, असं आज चॅटवर कळलं. माझं तिकीट 'निराकरण झाले' म्हणून बंद केलंय. खाली पाच तारे मागितलेत.