नुसतं एकूण वजन जुळवून भागत नाही
वर एकांनी लिहिलंय की इंजिनाचे चारही कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी, जोडणारे) काट्यावर ठेवून एकूण वजन सारखं केलं की काम झालं. मला हे पटत नाही. दोन्ही रॉड ६०० ग्रॅमचे असले, पण एकाचा भार बिग एंडकडे आणि दुसऱ्याचा स्मॉल एंडकडे असला, तर इंजिनाच्या दृष्टीने ते सारखे नाहीतच. बिग एंड क्रँकबरोबर गोल फिरतो, स्मॉल एंड पिस्टनबरोबर वरखाली धावतो. म्हणून टोकं वेगवेगळी तोला: एक टोक बेअरिंगवर टांगलेलं, दुसरं काट्यावर, रॉड अगदी आडवा. किंचित तिरका झाला तरी आकडा हलतो.

८० मिमी स्ट्रोकच्या (पिस्टनची वरून खालपर्यंतची धाव) इंजिनात ६००० आरपीएमला वरखाली जाणारा १० ग्रॅमचा फरक टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर असताना) २० किलोच्या आसपास जोर लावतो, तोही दर फेरीला.

चारांतला सगळ्यात हलका बिग एंड आणि सगळ्यात हलका स्मॉल एंड प्रमाण धरा, बाकीचे घासून तेवढे करा. बिग एंड घासायचा तो कॅपच्या (बोल्टांनी बसणारा त्याचा सुटा अर्धा भाग) तळाच्या पॅडवर, बोल्टाजवळ अजिबात नको. ग्राइंडिंगच्या रेघा रॉडच्या लांबीच्या दिशेनेच हव्यात. आडव्या रेघेतून तडा सुरू होतो. एक टोक घासलं की दुसरं पुन्हा तोला. पिस्टन आतून, पिन बॉसच्या (पिन बसते तो जाड भाग) खालून हलका करा. आणि कॅपची अदलाबदल कृपा करून करू नका, बोअर (बेअरिंगचं गोल भोक) त्याच जोडीत केलेला असतो.

एवढं करूनही इनलाइन फोरमध्ये (एका रांगेत चार सिलिंडर) क्रँकच्या दुप्पट वेगाची थरथर उरतेच. ती वजन जुळवून जात नाही, त्यासाठी बॅलन्स शाफ्टच (थरथर मारायला फिरणारे वजनाचे दांडे) लागतात.