‘हीट’ म्हणजे उष्णता नव्हे : खांद्यावरच्या रणगाडाविरोधी शस्त्रांसाठी मराठी शब्द

प्रश्न : कार्ल गुस्ताफ आणि आरपीजी-7 या दोहोंना बातम्यांत सरसकट ‘रॉकेट लाँचर’ म्हणतात, आणि एका अनुवादात ‘हीट’ गोळ्याला ‘उष्णतागोळा’ म्हटलेले आढळले. हे शब्द योग्य आहेत का?

उत्तर : ‘उष्णतागोळा’ हा शब्द साफ चुकीचा आहे, तो आधी दुरुस्त करू या. ‘हीट’ हे ‘तीव्र स्फोटक, रणगाडाविरोधी’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचे लघुरूप असून त्याचा उष्णतेशी संबंध नाही. नाशिकच्या भांडी बाजारात तांब्याचे नरसाळे पाहिले असेल, तर या गोळ्याच्या पोटातला शंकू चटकन डोळ्यांपुढे येईल. त्याच्या मागचे स्फोटक उडाले की शंकू आत मिटतो आणि तांब्याची बारीक धार सेकंदाला 8 ते 10 किलोमीटर वेगाने पुढे झेपावते. ही धार चिलखत वितळवून आत शिरते असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात तांबे बहुतांशी घनरूपच असते आणि ते केवळ वेगाच्या दाबाने पोलादाला बाजूला सारते. म्हणून मी ‘चिलखतभेदी पोकळ गोळा’ असे लिहितो. ‘पोकळ’ शब्दामुळे रचनाही कळते.

आता नळीकडे वळू. स्वीडनची कार्ल गुस्ताफ ही मुळात तोफ आहे. तिच्या 84 मिमी नळीत पीळदार खाचा असतात आणि गोळा पुढे सुटताना वायू मागच्या तोंडाने बाहेर पडतात, त्यामुळे खांद्याला धक्का जाणवत नाही. तिला ‘धक्कारहित तोफ’ म्हणावे. अर्थात आपल्या लष्करातही तिला ‘आरएल’, म्हणजे रॉकेट लाँचरच, म्हणतात, तेव्हा बातमीदारांना दोष देणे मला पटत नाही. 1961 साली सोव्हिएत सैन्यात आलेल्या आरपीजी-7 ची गोष्ट निराळी आहे : नळी 40 मिमीची, पण नेहमीच्या गोळ्याचे डोके 85 मिमीचे, म्हणून ते नळीबाहेरच राहते. आधी छोटा बार गोळ्याला बाहेर फेकतो आणि काही मीटर गेल्यावर त्याचे रॉकेट पेटते. मूळ रशियन नावाचा अर्थ ‘हातातला रणगाडाविरोधी ग्रेनेडफेक्या’ असा आहे. ‘रॉकेटवर चालणारा ग्रेनेड’ ही फोड इंग्रजीत मागाहून अक्षरांना जुळवलेली आहे.

पुढचा प्रश्न : मग दोन्हींना ‘क्षेपणास्त्र’ म्हटले तर?

उत्तर : व्युत्पत्तीने चालेल, रूढीने चालणार नाही. जे फेकायचे ते अस्त्र आणि जे हाती धरायचे ते शस्त्र, हा जुना भेद इथे चपखल बसतो : नळी शस्त्र, गोळा अस्त्र. परंतु आज ‘क्षेपणास्त्र’ म्हटले की वाचकाला सुटल्यानंतरही लक्ष्याकडे वळणारे अस्त्र अभिप्रेत असते, आणि ते वर्णन अमेरिकेच्या जॅव्हेलिनला लागू पडते. आरपीजीच्या गोळ्याला ‘अग्निबाण’ पुरेसा आहे. पेशवाईतील कागदांत दारूच्या रॉकेटला नुसते ‘बाण’च म्हटलेले आहे.

‘रणगाडाविरोधी’ हे विशेषणही नळीला न लावता गोळ्याला लावावे, असा माझा आग्रह आहे. कार्ल गुस्ताफमधून धूरगोळा सुटतो, रात्री उजेड पाडणारा प्रकाशगोळा सुटतो, माणसांवर टाकायचा स्फोटक गोळाही सुटतो, आणि यांपैकी एकही रणगाड्यासाठी नसतो. देवळालीच्या तोफखान्यात आयुष्य काढलेल्या आमच्या शेजारच्या सुभेदारकाकांना मी हे विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “गोळा कोणता भरला ते आधी सांग, मग नाव सांगतो.”